चौकट आणि शहर (भाग 9) : तेलीबांधाचा काठ आणि कात्री

मागच्या भागात आकाशावर एक्स्पोजर लॉक करून इमारती पूर्ण काळ्या कशा पाडायच्या, ते पाहिलं. त्यावर रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या एका वाचक काकूंनी तेलीबांधा तलावाचा संध्याकाळचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘सगळं सांगितल्याप्रमाणे केलं, तरी फोटोत जीव नाही. काय कापू?’ प्रश्न नेमका आहे, म्हणून आजचा भाग त्या एका फोटोवरच.

फोटो फोनचा आहे, 4000 बाय 3000 पिक्सेलचा, आडवा. वर भरपूर नारिंगी आकाश, खाली पाणी, मधे पलीकडच्या काठाची काळी पट्टी. पट्टीच्या उजव्या टोकाला राष्ट्रध्वजाचा 82 मीटर उंच खांब. हा काठ रायपूरकरांचा ‘मरीन ड्राइव्ह’; मुंबईकरांनी हसू नये, संध्याकाळची गर्दी इथंही तशीच असते. खालच्या कोपऱ्यात रेलिंगचा तुकडा आणि कुणाचा तरी अर्धा खांदा.

फोटोत जीव का नाही, ते मोजूनच बघा. फोनची नेहमीची लेन्स आडवं धरल्यावर साधारण 70 अंशांचा पट्टा टिपते. अर्ध्या किलोमीटरवरची दहा मजली इमारत डोळ्याला उंच वाटते खरी, पण ती जेमतेम साडेतीन अंश व्यापते. म्हणजे 3000 पिक्सेलच्या उंचीत तिच्या वाट्याला दोनशेच्या आसपास पिक्सेल येतात. ध्वजाचा खांबसुद्धा साडेपाचशेच्या पुढे जात नाही. बाकी सगळं आकाश आणि पाणी. जागेवर उभं असताना आपलं लक्ष त्या पट्टीवर असतं, म्हणून ती मोठी भासते. लेन्सला असा पक्षपात येत नाही.

पहिला उपाय उघड आहे : आडवी, लांब पट्टी काढायची. 3600 बाय 1200, म्हणजे तीनास एक. छापायचं म्हटलं तर 300 डीपीआयला 12 इंच बाय 4 इंच, भिंतीवर लावण्याजोगं. पण ती पट्टी कुठून काढायची?

छायाकृतीत खिडक्या, रंग, पोत, खोली सगळं गेलेलं असतं. उरते फक्त काळं आणि उजेड यांच्यामधली कड. त्यामुळे कापताना इमारती बघू नका, कड बघा. काकूंच्या फोटोत डावीकडच्या तीन इमारती एकमेकींना चिकटून एकच ठोकळा झाल्यात. तिथं कड सरळसोट आहे, सांगण्यासारखं काही नाही. तो भाग खुशाल जाऊ द्या. उजवीकडे मात्र छतावरच्या पाण्याच्या टाक्या, एक डिश अँटेना, मग मोकळं आकाश, मग झाडाचा विस्कटलेला शेंडा आणि शेवटी खांब. इथं कड बोलते. टाकीसारखी एरवी कुरूप वाटणारी गोष्ट काळ्यात किती कामाला येते पाहा. याच कारणानं शास्त्री चौकातला स्कायवॉकचा लोखंडी सांगाडा, जो वर्षानुवर्षं अर्धवट राहून शहराच्या थट्टेचा विषय झाला, छायाकृतीसाठी मला कुठल्याही चकचकीत मॉलपेक्षा सरस वाटतो. सांगाड्यातून आकाश दिसतं, मॉलमधून दिसत नाही.

चिकटलेल्या इमारती मात्र कात्रीनं सुटत नाहीत, त्या पायांनी सोडवाव्या लागतात. काठावर वीस-तीस पावलं सरकलात की जवळची इमारत लांबच्या इमारतीपासून वेगळी होते आणि मधे उजेडाची चीर पडते. माणसाच्या आकृतीलाही हेच लागू. बुढा तालाबात, म्हणजे विवेकानंद सरोवरात, मधल्या बेटावर स्वामी विवेकानंदांचा 37 फुटी पुतळा आहे (1877 ते 1879 या काळात बालपणी ते या शहरात राहिले होते). त्याची छायाकृती घ्यायची तर चेहऱ्याची रेघ आकाशावर सुटी दिसेपर्यंत तलावाभोवती फिरा. समोरून नाक-हनुवटी काळ्यात बुडतात आणि मागचं झाड डोक्याला चिकटलं तर सगळंच संपलं.

आता खांबाकडे येऊ, कारण या फोटोतला खरा पेच तिथं आहे. पाण्यात खांबाचं प्रतिबिंब पडलंय आणि ते जवळजवळ खांबाइतकंच लांब आहे. आपली 1200 पिक्सेलची पट्टी वर खांब पूर्ण ठेवून, टोकावर ऐसपैस आकाश सोडून बसवली, की प्रतिबिंब खाली अर्ध्यात तुटतं. अर्धं प्रतिबिंब सर्वांत वाईट. बघणाऱ्याची नजर कापलेल्या जागी अडकते. तेव्हा ठरवा : एकतर काठाच्या जरा खालीच कापून पाणी केवळ काळ्या रेघेची बैठक म्हणून ठेवायचं, नाहीतर पट्टीचा नाद सोडून उभी चौकट घ्यायची आणि खांब व प्रतिबिंब दोन्ही अखंड ठेवायचे. अशा वेळी काठ बरोबर मध्यावर आला तरी बिघडत नाही. क्षितिज मध्यावर नको, हा नियम इथं बाजूला ठेवा.

यात आणखी एक गोम आहे. ध्वज फडकायला वारा हवा; वारा नसला तर तो खांबाला लपेटून बसतो आणि छायाकृतीत नुसता जाडसर दांडा दिसतो. पण तोच वारा पाणी मोडतो आणि प्रतिबिंबाच्या चिंध्या करतो. वर 80 मीटरवर झुळूक आणि खाली पाणी स्थिर, असं क्वचित जमतं. काकूंच्या फोटोत ध्वज पूर्ण उघडलाय आणि पाणी सुरकुतलंय. म्हणजे निकाल आपोआप लागला : पाणी कापा, पट्टी ठेवा. एक पथ्य मात्र पाळाच. चौकटीची कड ध्वजावरून जाऊ देऊ नका. ध्वजाच्या फडफडीच्या दिशेला मोकळी जागा ठेवा, म्हणजे खांब टोकाला असूनही तोल जात नाही.

उभ्या चौकटीचा मोह आताच्या फोटोवर नको, याचं दुसरंही कारण आहे. तेवढा भाग कापला तर 1000 बाय 1500 पिक्सेल उरतील. फोनवर ठीक, छापल्यावर जेमतेम 5 इंच उंच. तो फोटो हवा असेल तर पुन्हा जा, फोन उभा धरा आणि दुसरी, लांबची लेन्स असेल तर ती वापरा. बोटांनी ताणून केलेला झूम म्हणजे आधीच केलेलं कापणंच.

कापण्याआधी फोटो सरळ करा, नंतर नव्हे. दोन अंश फिरवलात तरी रुंदीतले साधारण साडेचार टक्के जातात आणि नेमका तुमचा खांब कडेला असतो. सरळपणा काठावरून ठरवू नका. काठ तिरका जात असेल तर तो फोटोत तिरकाच दिसणार. प्रतिबिंब वापरा : चौकटीच्या मध्याजवळचा एखादा दिव्याचा खांब आणि त्याचं पाण्यातलं टोक एकाखाली एक आले की झालं.

धीट कापणीचं उदाहरण हवं असेल तर अरनॉल्ड न्यूमन यांनी 1946 साली काढलेलं संगीतकार स्त्राविन्स्की यांचं छायाचित्र शोधून बघा. पियानोचं काळं झाकण बहुतेक चौकट व्यापतं आणि संगीतकार खालच्या कोपऱ्यात. मूळ निगेटिव्हवर आजूबाजूची बरीच खोली होती. ती त्यांनी निर्दयपणे काढून टाकली. ज्या ‘हार्पर्स बझार’ मासिकासाठी ते काढलं होतं, त्यानं ते छापलं नाही, ही गोष्ट वेगळी.

पुन्हा जाणाऱ्यांसाठी दोन आकडे. रायपूरला सूर्य मुंबईपेक्षा सुमारे 35 मिनिटं आधी मावळतो; पुण्या-मुंबईच्या सवयीनं पोहोचलात तर काठावरचे दिवे लागलेले असतील. शिवाय जून आणि डिसेंबर यांत मावळतीची जागा तब्बल 50 अंशांनी सरकते. आज सूर्य ज्या टाकीमागे उतरला, तिथं तो दोन महिन्यांनी नसेल.

काकू, मूळ फाइल तशीच ठेवा, कापलेली प्रत वेगळी करा आणि पाठवा. पुढच्या भागात तीच पट्टी घेऊन आकाशाच्या रंगाकडे वळू. सिलतरा-उरल्याकडच्या कारखान्यांच्या धुरकटात लांबच्या इमारती काळ्याऐवजी राखाडी का येतात, तेही तिथंच.