डोंगरांनी राखलेले लेसोथो

नकाशात दक्षिण आफ्रिकेच्या पोटात चहूंबाजूंनी वेढलेला एक लहानसा देश दिसतो, तो लेसोथो. त्याची सारी भूमी समुद्रसपाटीपासून १,००० मीटरांहून उंच; असा दुसरा देश जगात नाही. थंडीमुळे तेथील बासोथो लोक लोकरीची जाड घोंगडी पांघरूनच वावरतात.

१८२४ साली मोशोएशो राजाने थाबा बोसिऊ ह्या सपाट माथ्याच्या डोंगरावर ठाणे केले. तो डोंगर शत्रूंस कधीच जिंकता आला नाही. परंतु पश्चिमेकडील सुपीक जमीन बोअरांनी बळकाविली, तेव्हा १८६८ साली त्याने इंग्रजांचे संरक्षण पत्करिले. शहाणपण म्हणावे ते हेच! १९६६ साली देश स्वतंत्र झाला. राजा आजही आहे, कारभार मात्र पंतप्रधान पाहतात.

पिकाची जमीन गेली, पाणी उरले. १९९८ पासून कात्से धरणाचे पाणी बोगद्यांतून दक्षिण आफ्रिकेस विकले जाते. त्या धरणात काही डोंगरी कुटुंबांची शेते बुडाली.