जुन्या चेतकचे इंजिन

1985 साली आपल्या शहराजवळ वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. बजाजची चेतक स्कूटर त्याआधीच, 1972 साली, बाजारात आली होती. काही घरांत ती आजही जपून ठेवलेली दिसते.

अशी स्कूटर खडखड वाजू लागली की मिस्त्री इंजिन खोलतो. सिलिंडरमध्ये पिस्टन वर-खाली सरकतो आणि क्रँक गोल फिरतो. या दोघांना जोडणारा पोलादी दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड. क्रँकचे मिनिटाला 5000 फेरे झाले, तर पिस्टन 10000 वेळा दिशा बदलतो! तो सारा झटका रॉडला सोसावा लागतो. रॉड आणि क्रँकपिन यांच्यामध्ये बारीक रोलरचे बेअरिंग असते. या इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळतात. तेवढ्या थोड्या तेलावरही रोलर सहज फिरतात.

रॉड हातात धरून वर-खाली ओढून पाहा. किंचित जरी 'खट्' जाणवले, तरी झीज झाली असे समजा. मिस्त्री याला 'प्ले' म्हणतात. बाजूला मात्र तो थोडा हललाच पाहिजे. तेल आत जायला तेवढी फट लागते.

आमच्या अब्बांनी एकदा पैसे वाचवायला फक्त रॉड नवा घातला, पिन आणि रोलर जुनेच ठेवले. महिनाभरात पुन्हा तीच खडखड! मग रॉड, पिन व रोलर असा पूर्ण संच आणला. मिस्त्रीने क्रँक प्रेसमध्ये दाबून जोडला, तो सरळ फिरतो का हे डायल गेजवर पाहिले आणि क्रँकच्या दोन्ही बाजूंची बेअरिंगही बदलली. खर्च दुप्पट झाला. ती स्कूटर आजही दुसऱ्या किकला सुरू होते.