जितके गळे, तितकं गाणं

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात माउंट व्हर्नन नावाचं गाव आहे. १० मार्च २०२० च्या संध्याकाळी तिथल्या ‘स्कॅजिट व्हॅली कोराल’ या क्वायरचे ६१ जण नेहमीसारखे प्रॅक्टिसला जमले आणि अडीच तास गायले. त्यांच्यातल्या एकाला सर्दीसारखी लक्षणं होती. पुढच्या काही दिवसांत ५३ जण कोविडने आजारी पडले, दोघे दगावले. मे महिन्यात त्याचा सरकारी अहवाल आला आणि जगभरच्या क्वायरचालकांनी तो धास्तावून वाचला. पुण्यातल्या एका मराठी चर्चचा क्वायर चालवणारी मीही त्यांत होते. खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, छाती भरून श्वास घ्यायचा, दम लावून गायचं, हेच तर आम्ही वर्षानुवर्षं करत आलो होतो.

क्वायर जवळून न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगते. भजनात सगळे एकच चाल गातात. ‘उपासना संगीत’ या आमच्या भजनसंग्रहातली भजनं आम्हीही पेटी-तबल्यावर तशीच गातो. चार आवाजांच्या गीतात मात्र एकाच वेळी चार निरनिराळ्या ओळी चालतात. बायकांमध्ये उंच आवाजांची सोप्रानो आणि खालच्या आवाजांची आल्टो, पुरुषांमध्ये टेनर आणि बास. नुसती आल्टोची ओळ ऐकली तर पुष्कळदा गीत ओळखूही येत नाही. म्हणून क्वायरमध्ये गळ्याइतकाच कान तयार लागतो. शेजारच्याचं ऐकू आलं, तरच आपली ओळ जागेवर बसते.

टाळेबंदीत तरुण मुलं म्हणाली, “ताई, व्हिडिओ कॉलवर प्रॅक्टिस करू.” करून पाहिली, पण जमेना. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे दहा मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचा सूर आपल्याला जेमतेम ३० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. तेवढं कान सांभाळून घेतो. कॉलवर हाच उशीर सहज शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जातो. मग प्रत्येक जण दुसऱ्यासाठी थांबतो आणि लय ढासळते. त्याच वर्षी संगीतकार एरिक व्हिटेकर यांनी ‘सिंग जेंटली’साठी १२९ देशांतल्या १७ हजारांहून अधिक गायकांचे आवाज एकत्र जोडले. काम मोठंच होतं. तरी त्यातला प्रत्येक जण आपापल्या घरी एकटाच गायला होता.

आम्हाला साध्या फोनने तारलं. बुधवार हा आमचा प्रॅक्टिसचा वार, तो मी सोडला नाही. त्या दिवशी एकेकाला फोन करायचा, त्याची ओळ सावकाश म्हणवून घ्यायची, औषधं मिळतात का, घरात कोण आजारी आहे, तेही विचारायचं. गाणं फारसं पुढे सरकलं नाही. पण आपला क्वायर आहे, हे कोणी विसरलं नाही.

महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबर २०२० ला पाडव्याच्या दिवशी उघडली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला, परत उघडली. मधल्या लाटेत आमच्या बासमधले काका गेले. सगळा क्वायर त्यांच्या आवाजावर भरवसा ठेवून गायचा. प्रॅक्टिस पुन्हा सुरू झाली तेव्हा निम्मेच जण आले. बासमध्ये एकटा कॉलेजचा मुलगा होता. आजारातून उठलेल्यांना लांब ओळ एका दमात पेलत नव्हती.

जुनी गीतं त्यांच्याकडून जबरदस्तीने गाऊन घेण्यात अर्थ नव्हता. मी चार आवाजांची गीतं तीन आवाजांत लिहिली, पट्टी खाली आणली. शेजारी-शेजारी उभ्या असलेल्यांनी एकाच जागी श्वास घ्यायचा नाही, आळीपाळीने घ्यायचा, म्हणजे ओळ तुटत नाही, हे पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांना २०२० मध्ये आढळलं होतं, की तेवढ्याच आवाजात बोललं किंवा गायलं तर हवेत जाणाऱ्या सूक्ष्म कणांत फार फरक पडत नाही. आवाज चढवला की ते कण खूप वाढतात. म्हणून खिडक्या सताड उघड्या ठेवून आम्ही हळू आवाजात गायलो. त्याचा एक फायदा असा झाला, की सगळे एकमेकांचं अधिक ऐकू लागले.

हे करताना मला बळ दिलं ते सुमात्रातल्या दोन स्त्रियांनी. १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर जपान्यांनी पकडलेल्या डच, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन स्त्रिया आणि मुलं सुमात्रातल्या पालेम्बांगच्या छावणीत डांबली गेली. मार्गारेट ड्रायबर्ग ही त्यांतली एक मिशनरी. नोरा चेंबर्स लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकलेली. वाद्यं नव्हती, स्वरलिपीची पुस्तकं नव्हती, बायका उपाशी आणि आजारी. वाद्यवृंदासाठी आणि पियानोसाठी लिहिलेल्या रचना दोघींनी आठवून आठवून स्त्रियांच्या चार आवाजांसाठी कागदावर उतरवल्या. शब्द ठेवलेच नाहीत, नुसती अक्षरं आणि गुंजन. त्यामुळे कोणाची भाषा कोणती, हा प्रश्नच उरला नाही. २७ डिसेंबर १९४३ रोजी ३० जणींनी पहिला कार्यक्रम केला. उभं राहण्याचं त्राण नव्हतं, म्हणून त्या बसून गायल्या. नोरा संचालन करत होती. कार्यक्रमात ड्व्होरझाकच्या ‘न्यू वर्ल्ड’ सिंफनीतला संथ भाग होता.

पुढे त्यांतल्या जवळपास निम्म्या जणी भुकेने आणि रोगाने गेल्या, तेव्हा ते गाणं थांबलं. एप्रिल १९४५ मध्ये मार्गारेटही गेली. पण स्वरलेखनाचे कागद वाचले, कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात पोचले आणि आज ठिकठिकाणचे क्वायर त्या रचना गातात. ‘पॅरडाइज रोड’ हा १९९७ चा चित्रपट याच कथेवर आहे.

मार्गारेट आणि नोरा यांनी मोठ्या वाद्यवृंदाचं संगीत समोर असलेल्या ३० थकलेल्या गळ्यांच्या मापाचं केलं. वाईट काळात क्वायरचालकाचं पहिलं काम हेच, असं माझं ठाम मत आहे. गाणं आधी ठरवून माणसं मोजू लागलो, की कोण नाही तेवढंच दिसतं आणि आलेले ओशाळतात. आधी माणसं बघितली, की त्यांना शोभेल असं काहीतरी सापडतंच.

आमचा तो कॉलेजचा मुलगा आता नोकरीला लागला आहे. बासची प्रॅक्टिस तोच घेतो, नव्या मुलांना ओळी तोच शिकवतो. गेल्या नाताळात आम्ही पुन्हा चार आवाजांत गायलो.

ज्यांचा क्वायर पांगला आहे त्यांना माझं सांगणं एवढंच : आठवड्याचा एक वार धरा आणि तो मोडू नका. जे येतील त्यांच्या गळ्यांचा अंदाज घ्या, मगच गीत निवडा. प्रत्येक ओळ वहीत लिहून ठेवा, म्हणजे माणूस गेला तरी त्याची ओळ जात नाही. आणि आपल्यामागे ताल धरेल असा एक जण आजच तयार करायला घ्या.