बोर्ड नंतर रंगवा, आधी नाव तपासा : थंडरबर्डची गोष्ट



धंद्याचं नाव सुचलं की आपण पहिला फोन कुणाला लावतो? पेंटरला. मग व्हिजिटिंग कार्ड, पिशव्या, इन्स्टाग्राम पेज. हे नाव आधीच कुणी घेतलंय का, हे बघायचं मात्र राहून जातं. ही चूक मोठमोठ्यांकडूनही होते. आज एका फुकट सॉफ्टवेअरची गोष्ट सांगतो, कारण नावाची किंमत त्यातून चटकन कळते.

एक ब्राउझर, तीन नावं

थंडरबर्ड हा मोझिलाचा ईमेल प्रोग्रॅम. कॉम्प्युटरवर टाका, सगळी मेल खाती एकाच ठिकाणी बघा. 2003 मध्ये काम सुरू झालं तेव्हा प्रोजेक्टचं नाव होतं मिनोटॉर, म्हणजे ग्रीक पुराणातला अर्धा बैल, अर्धा माणूस. पुढे नाव झालं थंडरबर्ड.

त्याच्या जोडीच्या ब्राउझरचे मात्र हाल झाले. 2002 मध्ये तो 'फिनिक्स' म्हणून आला. फिनिक्स टेक्नॉलॉजीज नावाची कंपनी आधीपासून होती, ट्रेडमार्कचा वाद झाला. 2003 मध्ये नाव केलं 'फायरबर्ड'. तर त्या नावाचा डेटाबेस प्रोजेक्ट आधीच चालू होता, ते लोक नाराज झाले. शेवटी फेब्रुवारी 2004 मध्ये 'फायरफॉक्स' ठरलं. दीड वर्षात तीन नावं! ओळख बनायला लागली की पुन्हा पाटी बदला.

थंडरबर्डचं नाव टिकलं. 7 डिसेंबर 2004 ला त्याची 1.0 आवृत्ती आली.

रेसिपी सगळ्यांची, पाटी आपली

आता खरा मुद्दा. थंडरबर्ड ओपन सोर्स आहे. म्हणजे त्याचा कोड कुणीही घ्यावा, बदलावा, वाटावा. मिसळीची रेसिपी दुकानाबाहेर लावून ठेवण्यासारखंच हे. मग मालकाकडे राहिलं काय? नाव.

2006 मध्ये डेबियन या लिनक्सवाल्यांशी मोझिलाचा वाद झाला. मोझिलाचं म्हणणं होतं, कोडमध्ये बदल करा, पण ते आमच्या मंजुरीशिवाय केलेत तर आमचं नाव लावू नका. डेबियनने तोच प्रोग्रॅम 'आइसडव्ह' नावाने दिला. हे दहा वर्षं चाललं. 2017 मध्ये डेबियनवर 'थंडरबर्ड' परत आलं.

नावामागे माणसं लागतात

2012 मध्ये मोझिलाने जाहीर केलं की थंडरबर्डवर आता आम्ही फार ताकद लावणार नाही. तेव्हा स्वयंसेवकांनी ते चालू ठेवलं. 2020 मध्ये त्यासाठी मोझिला फाउंडेशनच्या मालकीची वेगळी कंपनी झाली. 2022 मध्ये वापरणाऱ्यांकडून देणगी आली 64 लाख डॉलरच्या वर. वस्तू फुकट, तरी लोकांनी खिशात हात घातला.

त्याच वर्षी त्यांनी मोबाइलकडे मोर्चा वळवला. नवीन ॲप शून्यापासून करण्याऐवजी अँड्रॉइडवरचं जुनं ॲप 'के-नाइन मेल' सोबत घेतलं. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेतल्या रोबो-कुत्र्याचं हे नाव. ऑक्टोबर 2024 मध्ये त्यावरूनच अँड्रॉइडचं थंडरबर्ड आलं, पण के-नाइनचं नाव पुसलं नाही. जुनं गिऱ्हाईक ज्या नावाने ओळखतं, ते एका रात्रीत काढायचं नसतं.

तुम्ही काय करायचं?

1. नाव सुचलं की आधी सरकारच्या ट्रेडमार्क वेबसाइटवर सर्च करा. फुकट आहे. सारख्या उच्चाराची नावंही बघा, स्पेलिंग बदलून सुटका होत नाही.
2. गुमास्ता, उद्यम किंवा जीएसटी नोंदणी झाली म्हणजे नाव तुमचं झालं, हा गैरसमज काढा. नावाचं संरक्षण ट्रेडमार्कमध्ये आहे.
3. एकट्या मालकाला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गासाठी 4,500 रुपये आहे. वकिलाची फी वेगळी.
4. नाव मोकळं असेल तर डोमेन आणि सोशल मीडियाचं हँडल त्याच दिवशी घ्या.

उद्या शेजारचा तुमचा माल, तुमचा दर, तुमची मांडणीसुद्धा कॉपी करेल. नाव कॉपी करायला गेला तर तुमच्या हातात कागद हवा. म्हणून पेंटरला फोन लावण्याआधी अर्धा तास सर्चला द्या.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, नाव राखून करा!