महाविद्यालयीन स्तरावर फौजदारी न्यायव्यवस्थेचे अध्ययन : पनवेल परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
पोलीस, अभियोग, न्यायालय आणि कारागृह या चार परस्परावलंबी यंत्रणांनी मिळून फौजदारी न्यायव्यवस्था सिद्ध होते. विधी महाविद्यालयात तिचा विचार मुख्यत्वे कायद्याच्या अंगाने होतो, तर पोलीस प्रशिक्षण केंद्रात कर्तव्याच्या अंगाने. कला वा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास ही साखळी सलगपणे समजावून देणारे अध्यापन मात्र आपल्याकडे विरळाच आढळते. वास्तविक पोलीस शिपाई पदासाठी बारावी उत्तीर्ण ही अर्हता असल्याने भरतीची तयारी करणारे अनेक तरुण याच वर्गांत बसलेले असतात.

पूर्वानुभव :
अमेरिकेत १९६८ च्या कायद्यान्वये पोलिसांच्या उच्च शिक्षणास केंद्रीय अर्थसाहाय्य मिळू लागले आणि तेथील द्विवर्षीय समुदाय महाविद्यालयांत या विषयाचे विभाग झपाट्याने वाढले. तथापि १९७८ मध्ये लॉरेन्स शर्मन यांच्या अहवालाने या शिक्षणावर कठोर टीका केली. ते उच्च शिक्षण न राहता पोलीस प्रशिक्षणाचीच पुनरावृत्ती झाले आहे, असा तिचा रोख होता. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये समुदाय महाविद्यालयांची योजना आणली. तिचा भर स्थानिक गरजेनुसार कौशल्यशिक्षणावर होता. आपल्याकडे असा अभ्यासक्रम आखताना वरील टीका विसरून चालणार नाही. केवळ भरतीपूर्व मार्गदर्शन करावयाचे तर त्यास महाविद्यालय कशाला हवे?

पनवेलचे वैशिष्ट्य :
पनवेल तालुका महसुली दृष्ट्या रायगड जिल्ह्यात मोडतो. येथील न्यायालये अलिबाग येथील जिल्हा न्यायालयाच्या अधिपत्याखाली आहेत. पोलीस ठाणी मात्र नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या अखत्यारीत येतात. परिणामी तडीपारीसारखा आदेश, जो ग्रामीण भागात महसूल खात्यातील दंडाधिकारी देतात, तो येथे पोलीस अधिकारीच देतो. तपास करणारी आणि प्रतिबंधात्मक आदेश देणारी यंत्रणा एकच असणे कितपत योग्य, हा प्रश्न येथील विद्यार्थ्यास पाठ्यपुस्तकाविना पडू शकतो. तळोजा मध्यवर्ती कारागृहही याच तालुक्यात आहे. चारही यंत्रणा एवढ्या जवळ असणे ही अध्यापनाच्या दृष्टीने दुर्मीळ सोय होय.

कच्च्या कैद्यांचा प्रश्न :
राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातील ५,७३,२२० बंदीजनांपैकी ४,३४,३०२, म्हणजे सुमारे ७६ टक्के, न्यायाधीन होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या व्यक्तीने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ कोठडीत काढल्यास न्यायालयाने तिला बंधपत्रावर मुक्त करावयाचे असते. इतरांसाठी ही मर्यादा निम्मी आहे. मृत्युदंड वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रलंबित प्रकरणे यांस ही सवलत नाही. मुदत भरताच न्यायालयास लेखी अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकावर टाकलेली आहे. साध्या चोरीस कमाल शिक्षा ३ वर्षे. तेव्हा पहिल्या गुन्ह्यातील आरोपीची मुदत १ वर्षाने भरते. हे गणित शाळकरी आहे, पण ते कोणीतरी वेळेवर करावे लागते. कोठडीतील प्रत्येक व्यक्तीस १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार मोफत कायदेशीर साहाय्याचा हक्क आहे. परंतु हक्काची माहितीच नसलेला कैदी तो मागणार कसा? टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा क्षेत्रकार्य प्रकल्प १९९० पासून नेमक्या याच पोकळीत काम करीत आला आहे.

अध्यापकाची भूमिका :
या विषयात अध्यापकांचे मौन महाग पडते, आणि त्यांचे बोलणे परिणामकारक ठरते. देसाईगंज पोलीस ठाण्यातील बलात्कार प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पोलिसांना दोषमुक्त केले, तेव्हा उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार व रघुनाथ केळकर या चार विधी अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीनंतर १९८३ मध्ये कायदा बदलला आणि कोठडीतील बलात्कारात संमती नव्हती असे गृहीत धरण्याची तरतूद पुराव्याच्या कायद्यात आली. पनवेलच्या वर्गात हे पत्र निकालपत्राशेजारी ठेवून शिकविता येईल. उद्या ठाणे अंमलदाराच्या खुर्चीवर बसणारा विद्यार्थी त्या वर्गात असण्याची शक्यता बरीच आहे.