शिबिरातली मुले नदीवर नेताना

उन्हाळ्याच्या सुट्टीत विहाराविहारांतून बालसंस्कार शिबिरे भरतात. वंदना, बाबासाहेबांचे चरित्र, लेझीम, वक्तृत्व असा आठ-दहा दिवसांचा कार्यक्रम होतो आणि शेवटी मुले हमखास विचारतात, ‘सर, नदीवर कधी?’ मुलांना न्यायचे की नाही, यावर पालकांत दोन तट पडतात.

आमचे मत, न्यावे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या तळ्याचा दावा पुढे दहा वर्षे चालला आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टात आपल्या बाजूने निकाल लागला. गावच्या विहिरीला शिवायचीच बंदी, तिथे उडी मारून पोहायला कोण शिकणार? आपल्या कितीतरी घरांत आजोबांना पोहता येत नव्हते, म्हणून बापाला आले नाही आणि आता नातवालाही येत नाही. अशा मुलांना पाण्यात उतरवायचे तर तयारी जास्त लागते, एवढेच. आणि मुलींनाही उतरवा. त्यांना काठावर डबे राखायला बसवू नका. टी-शर्ट आणि लेगिंग पुरते.

सिनेमात बुडणारा माणूस हात हलवून ‘वाचवा’ म्हणून ओरडतो. खरे बुडणे बहुतेक वेळा मुकाट होते. तोंड क्षणभर पाण्यावर येते, तेवढ्यात जीव श्वास घेऊ पाहतो. ओरडायला सवडच नसते. हात वर येत नाहीत, पाणी खाली दाबत राहतात. मूल उभ्याउभ्या, मान मागे टाकून वरखाली होते आणि थोड्याच वेळात दिसेनासे होते. शेजारी खेळणाऱ्यांना वाटते, तो डुबक्या मारतोय.

म्हणून काठावर एक मोठे माणूस फक्त बघण्यासाठी हवे. त्याने फोटो काढायचे नाहीत, भेळ कालवायची नाही, मोबाइल दुसऱ्याकडे द्यायचा. थोड्या थोड्या वेळाने माणूस बदलावा, कारण नजर थकते. एका शिबिरात आम्ही निघताना मोजणी केली आणि एक मूल कमी भरले. तो झाडामागे लघवीला गेला होता. पण तो सापडेपर्यंतची ती दोन-तीन मिनिटे आम्ही विसरलेलो नाही. तेव्हापासून मुलांच्या जोड्या लावतो. शिट्टी वाजली की प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा हात धरून वर करायचा. एकटा हात दिसला की सगळे पाण्याबाहेर.

जागा आदल्या दिवशी मोठ्यांनी उतरून बघावी, गावातल्या कोळ्याला किंवा गुराख्याला विचारावे. वाळू उपसलेल्या नदीत गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल थेट डोहात पडते. दगडखाणीत साठलेल्या पाण्याला उथळ काठच नसतो. शेततळे दिसायला सर्वांत साधे, पण त्याचे प्लास्टिक शेवाळाने इतके निसरडे होते की पट्टीचा पोहणाराही वर चढू शकत नाही. या तीन ठिकाणी मुलांना नेऊच नये. कंबरेपेक्षा खोल पाण्यात कुणी जायचे नाही. फिट येणाऱ्या मुलाचे नाव आईवडिलांनी आधीच सांगावे; ते मूल पाण्यात उतरले तर एक मोठा माणूस हाताच्या अंतरावर हवा.

कुणी बुडताना दिसले तर पोहता न येणाऱ्याने उडी मारायची नाही. भावाला काढायला गेलेला भाऊही जातो, अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात. बांबू पुढे करा, ओढणी किंवा साडी फेका. पाच लिटरचा रिकामा, बूच घट्ट लावलेला तेलाचा डबा दोरीला बांधून सोबत न्या. तो धरून मूल तरंगते आणि ओढूनही घेता येते.

बाहेर काढलेल्या मुलाला उलटे टांगू नका, गरगर फिरवू नका, पोट दाबून पाणी काढायला जाऊ नका. पोटातले पाणी-अन्न घशात येऊन श्वासनलिकेत उतरते, शिवाय मोलाचा वेळ जातो. सपाट जमिनीवर उताणे निजवा. हाक मारा, छाती हलते का पाहा. श्वास नसेल तर एकाने १०८ ला फोन लावावा. दुसऱ्याने हनुवटी उचलून, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्यावेत, छाती वर येईल इतकेच. मग छातीच्या मधोमध तळहाताने ३० वेळा दाबावे, पुन्हा २ श्वास. वेग सेकंदाला साधारण दोनदा; छाती एक तृतीयांश आत गेली पाहिजे. मूल श्वास घेऊ लागेपर्यंत किंवा मदत येईपर्यंत थांबायचे नाही. बुडालेल्याच्या अंगातला प्राणवायूच संपलेला असतो, म्हणून इथे श्वास आधी.

हे नुसते वाचून हाताला येत नाही. जवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा नर्सताईंना विनंती करून शिबिरातच तासभर शिकून घ्या, स्वयंपाकाला आलेल्या बायांनाही बसवा.

मूल शुद्धीवर आले, हसले, बिस्किट मागू लागले, तरी त्याला दवाखान्यात न्या. फुफ्फुसात पाणी गेले असेल तर काही तासांनी खोकला वाढतो, धाप लागते, मूल झोपाळू होते. तोवर ते डॉक्टरांच्या नजरेखाली असावे.