श्रवणयंत्र : लपविण्याचे की मिरविण्याचे?

चष्मा व श्रवणयंत्र ही दोन्ही इंद्रियांची उणीव भरून काढणारी साधने होत. तथापि चष्म्याची चौकट आरशात पाहून निवडली जाते, तर श्रवणयंत्राविषयी पहिला प्रश्न ‘ते दिसणार नाही ना?’ हाच असतो. प्रस्तुत लेखात या भेदाचा आरेखनाच्या अंगाने विचार केला आहे.

लपविण्याची परंपरा जुनी आहे. पोर्तुगालचा राजा सहावा जॉन याच्यासाठी १८१९ साली लंडनच्या एफ. सी. राइन यांनी खास आसन घडविले. त्याच्या हातांवरील सिंहांच्या उघड्या मुखांतून आवाज नळीवाटे राजाच्या कानी पोहोचे. १९५० च्या दशकात यंत्र चष्म्याच्या दांडीत शिरले, पुढे थेट कर्णनलिकेत.

या लघुत्वाची किंमत मात्र वापरणाऱ्यास मोजावी लागते. ध्वनिग्राहक व ध्वनिक्षेपक जवळ आले की शिटी वाजू लागते. साहजिकच ध्वनिवर्धनास मर्यादा पडते. तांदळाएवढे बटण वृद्धांच्या थरथरत्या बोटांना सापडत नाही आणि अखेरीस यंत्र डबीतच राहते. शिवाय जे लपवायचे ते लाजिरवाणे, हा समज अशा आरेखनाने दृढच होतो.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील २००५ च्या ‘हिअरवेअर’ प्रदर्शनात आरेखनकारांनी उलट वाट धरली : यंत्र दिसू द्यावे, पण देखणे असावे. कुडी-भिकबाळीने कान सजविणाऱ्या आपल्या समाजास ही कल्पना परकी वाटू नये. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ॲपलच्या एअरपॉड्स प्रो या इयरफोनमधील श्रवणयंत्र-प्रणालीस सौम्य ते मध्यम श्रवणदोष असलेल्या प्रौढांसाठी मान्यता दिली. येथे संकोच उरत नाही. परंतु कानात इयरफोन असलेला मनुष्य आपले ऐकत नाही, असेच समोरचा समजतो. ही अडचण ध्वनिशास्त्राने सुटणारी नव्हे.